जुनी पोलो एकसारख्या गाड्यांच्या शर्यतीसाठी तयार करायची आहे, आधी इंजिनावर खर्च करू का?

नको, इंजिनाला सध्या हातच लावू नका. तुम्ही लिहिलंय की ठाण्यात वापरलेली पोलो घेऊन ठेवली आहे, सगळ्यांच्या गाड्या सारख्या असतात अशा गटात हौस म्हणून उतरायचं आहे आणि ट्युनरने रीमॅप (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवणं) आणि मोकळा सायलेन्सर आधी करायला सांगितलाय. अशा गटात इंजिन सगळ्यांचं एकाच ताकदीचं ठेवतात, बऱ्याच ठिकाणी त्याला सीलही ठोकतात. रीमॅप केलेली गाडी तपासणीत सापडली की निकाल गेला.

आधी मालिका ठरवा आणि तिची यंदाची तांत्रिक नियमावली हातात घ्या. जे 'चालेल' असं लिहिलेलं नाही ते चालत नाही, असं धरूनच ती वाचायची. अमेरिकेत स्पेक मियाटा हा गट माझदाच्या दोन सीटच्या जुन्या स्पोर्ट्‌स कारवर उभा आहे. सस्पेन्शनचं किट ठरलेलं, टायर ठरलेले, आणि गाडी ज्याची त्याने बांधायची. आपल्याकडे अशा बऱ्याच गटांत गाड्या आयोजकांच्याच असतात. २०१० साली सुरू झालेला पोलो कपही तसाच होता: ड्रायव्हरने फी भरायची, गाडी तयार मिळायची. त्यामुळे स्वतःची गाडी घेतात का हे आयोजकांना फोन करून विचारा, मगच तिच्यावर कटर चालवा.

घेत असतील तर सर्वांत मोठा खर्च केजचा, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणाऱ्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्याचा, आणि तिथे काटकसर मला मान्यच नाही. एफआयए या जागतिक मोटर स्पोर्ट संघटनेच्या मापाने मुख्य कमानीला, म्हणजे ड्रायव्हरच्या मागे उभ्या येणाऱ्या कमानीला, किमान ४५ मिलिमीटर व्यासाची, २.५ मिलिमीटर जाडीची (किंवा ५० व्यासाची, २ जाडीची) विनाजोड पोलादी नळी लागते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वेल्डिंग होणार नाही, त्यामुळे फॅब्रिकेटर शोधावाच लागेल. तो आधी शर्यतीच्या गाड्या केलेलाच हवा. ग्रिल-गेट करणारा कितीही ओळखीचा असला तरी नको. काम झाल्यावर टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन आत बसा आणि प्रत्येक जोड बघा. वेल्ड नळीभोवती पूर्ण फिरलेला हवा. छताला चिकटलेल्या बाजूला हात पोचत नाही म्हणून तेवढा भाग बऱ्याचदा सोडलेला असतो, आणि गाडी उलटली की भार येतो तो तिथेच.

सीट आणि पट्टे लेबलवरची तारीख बघून घ्या. 'फारसा वापरलेला नाही' म्हणून स्वस्तात मिळणारा पट्टा मुदत संपलेला असतो. खांद्याचे पट्टे सीटमागे जवळपास आडवे जायला हवेत, मागे किंचित उतरते, दहा अंशांच्या आसपास. ते मागच्या सीटच्या तळाच्या बोल्टला नेऊन बांधले तर धडकेत तुमचा कणा खाली दाबतात. बाइकचं हेल्मेट चालणार नाही. आतलं अस्तर आग सोसणारं आणि मान सांभाळणाऱ्या हान्ससाठी खुंट्या बसवलेलं, कारच्या शर्यतीचंच हेल्मेट घ्या.

मग ब्रेक. हौशी ड्रायव्हरची गाडी ट्रॅकवर पहिल्यांदा दगा देते ती बहुधा इथेच. डॉट ४ ब्रेक ऑइलचा उकळबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषलं की तोच १५५ पर्यंत उतरू शकतो. आणि ते हवेतलं पाणी शोषतंच. मुंबईचा पावसाळा काढलेला अर्धा डबा म्हणूनच शर्यतीसाठी बाद. रेसिंगचं डॉट ४ मिळतं, त्याचा कोरडा उकळबिंदू ३०० च्या वर असतो. ते घ्या, सोबत नियमात बसणारे चांगले पॅड घ्या आणि प्रत्येक शर्यतीआधी ऑइल नवं भरा. लक्षणंही ओळखता आली पाहिजेत: पेडल स्पंजासारखं होऊन खाली गेलं तर ऑइल उकळलंय, पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही तर पॅड तापलेत. पहिल्यात पेडल भराभर पंप करत वेग उतरवा आणि पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत) या, दुसऱ्यात एक-दोन लॅप सावकाश मारून थंड होऊ द्या.

सस्पेन्शनमध्ये बुश आणि बॉल जॉइंट नवे टाका, पुढच्या चाकांना नियम देतील तेवढा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) द्या, आणि चारही चाकांवरचं वजन तुम्ही सीटवर बसलेले असताना काट्यावर घ्या. टायरची हवा पिटमध्ये आल्या आल्या, गरम असतानाच मोजा.

उरलेले सगळे पैसे ट्रॅकवरच्या सरावाला. देशातल्या मोटर स्पोर्टचं नियमन करणाऱ्या एफएमएससीआय या संघटनेचं लायसन्स लागेलच, त्यासाठी रेसिंग स्कूलचा कोर्स करा. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक साधारण ३.७ किलोमीटरचा आहे, तो अंगवळणी पडायला वेळ लागतो.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण मुंबईकराला ती फार महाग पडते. केज टाकलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असा फेरफार बसत नाही. गाडीचा नेहमीचा विमाही आयोजित शर्यतीतलं नुकसान देत नाही. म्हणजे इथून चेन्नईपर्यंतचे तेराशेहून जास्त किलोमीटर गाडी फ्लॅटबेडवरच जाणार. त्याचं जाण्या-येण्याचं भाडं आजच विचारून घ्या आणि बजेटमध्ये केजच्या खालोखाल लिहा. मालिका ठरली की तिचं नाव आणि गाडीचं साल इथे कळवा, नियमावली बघून पॅड आणि कॅम्बरबद्दल नेमकं सांगेन.