रद्दीचं गोडाऊन टाकताय? आधी आगीचा हिशेब करा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत शेड घेताय, तर मशीनच्या आधी थप्प्यांची जागा आखा. थप्पी 4 मीटरच्या वर नको, दोन थप्प्यांत 6 मीटर मोकळी जागा. माल वाढला की पहिली तीच जागा भरते, म्हणून जमिनीवर पिवळे पट्टे मारून घ्या.

पुठ्ठ्याच्या गाठीची, म्हणजे मशीनने दाबून तारांनी बांधलेल्या गठ्ठ्याची, आग फसवी असते. पावडरच्या सिलिंडरने वरची ज्वाळा विझते, पण आत धग राहते आणि तासाभराने पुन्हा पेट घेते. सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर तर इथे कामाचाच नाही, तो विजेच्या पॅनेलपाशी ठेवा. गाठीला पाणीच लागतं: गाठ जेसीबीने बाहेर ओढायची, तारा तोडून फोडायची, आतपर्यंत भिजवायची. त्यासाठी अंगणात रिकामी जागा हवी. भिजलेल्या गाठी फुगतात आणि थप्पी कोसळते, तेव्हा पायथ्याशी कुणी उभं राहू नये. धुमसत्या कागदातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. नाकावर रुमाल बांधून आत शिरणं म्हणजे जीव गमावणं.

आग लागते कशाने? रद्दीतून आलेली मोबाइलची बॅटरी, बेलिंग (गाठी बांधायच्या) मशीनच्या गळक्या तेलावर साचलेला कागदाचा भुगा, वेल्डिंगची ठिणगी. वेल्डिंगनंतर तासभर माणूस तिथेच बसवा. शेजारी उसाचं पाचट पेटवत असतील तर उघड्यावरची रद्दी ताडपत्रीखाली घ्या.

धूर दिसला की आधी 101, मग मेन स्विच, मग हजेरीप्रमाणे माणसं मोजा. आणि जानेवारी-जुलैचं फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, चुकवू नका.