धाकटा भाऊ रात्रभर भडकाऊ ग्रुपवर असतो, काय करावं?

भाऊ, आधी त्याचा मोबाईल हिसकू नका, कारण ग्रुपवरचा समोरचा माणूस त्याला हेच पटवायलाय की घरचे तुझे नाहीत, आम्हीच तुझे. २०१६ ला आपल्या परभणीत आयसिसच्या संशयावरून एटीएसनं, म्हणजे दहशतवादविरोधी पथकानं, पोरं धरली होती ना, तेव्हापासून मी सांगायलोय, हे जाळ्यात ओढणारे लोक धर्माचं नंतर काढतात, पहिले एकटं पडलेलं, रिकामं लेकरू हेरतात, रोज 'जेवलास का' विचारतात अन् मग हळूच टेलिग्रामच्या प्रायव्हेट चॅटवर नेतात. तुम्ही रात्री त्याच्या ताटाशेजारी बसा, ऐका नुसतं. ज्या मामाचं, सरांचं तो ऐकतो त्यांना बोलवा. पैसे, प्रवास, हत्यार असा विषय निघाला तर मात्र लगेच एटीएसला नाहीतर ११२ ला सांगा, समुपदेशन करून पोरं घरी परत आणलीत त्यांनी.