नेट कोण खातंय आणि दार कोण ठोठावतंय : वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या प्रश्नांमधले बरेचसे फुकट मिळणाऱ्या सिक्युरिटी आणि नेटवर्क मॉनिटरिंगच्या टूल्सबद्दल होते, म्हणून बाकीचे विषय पुढच्या वेळेला ठेवलेत.

प्रश्न : ताई, आमच्या ऑफिसात २२ कॉम्प्युटर आहेत आणि सकाळी अकरा वाजले की नेट पार बसतं. कोण खातंय ते बघायला माझ्या मशीनवर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणारं टूल) टाकलं, प्रॉमिस्क्युअस मोड पण चालू आहे, तरी फक्त माझंच ट्रॅफिक दिसतं. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमचं काहीच चुकत नाहीये, तुमचा स्विच, म्हणजे सगळ्या मशीनच्या वायरी जिथे जोडतात तो डबा, त्याचं काम नीट करतोय. पूर्वी हब असायचे, त्यात एका मशीनने काही पाठवलं की ते सगळ्या वायरींवर जायचं, त्यामुळे कुठेही बसून सगळं ऐकता यायचं. स्विच कुठल्या पोर्टवर कुठला मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) आहे ते लक्षात ठेवतो आणि ज्याचं पॅकेट त्यालाच देतो. प्रॉमिस्क्युअस मोड म्हणजे नेटवर्क कार्डाला "तुझ्यापर्यंत जे येईल ते सगळं घे" असं सांगणं, पण मुळात तिथवर काही आलंच नाही तर कार्ड घेणार काय? म्हणून तुम्हाला तुमचं स्वतःचं ट्रॅफिक आणि सगळ्यांसाठी असलेलं थोडंफार ब्रॉडकास्ट एवढंच दिसतं.

स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, असेल तर त्यात पोर्ट मिररिंगची सोय बघा. राउटरकडे जाणारी वायर ज्या पोर्टमध्ये आहे त्याची कॉपी तुमच्या पोर्टवर पाठवायची, मग वायरशार्कमध्ये स्टॅटिस्टिक्स मेनूत कॉन्व्हर्सेशन्स उघडायचं आणि बाइट्सच्या रकान्यावर क्लिक करायचं, सगळ्यात जास्त देवाणघेवाण करणारी जोडी वर येते. हे राउटरच्या आतल्या बाजूला करा हं, बाहेरच्या बाजूला केलंत तर नॅटमुळे, म्हणजे राउटर सगळ्यांच्या वतीने एकच ॲड्रेस वापरतो त्यामुळे, २२ मशीन एकाच ॲड्रेसच्या मागे लपतात आणि काहीच कळत नाही.

पण माझं ऐकाल तर वायरशार्कने सुरुवात करू नका. ते भिंग आहे, कुठे बघायचं ते माहीत झाल्यावर लावायचं. रोज कोण किती वापरतं हे बघायला एनटॉपएनजी बरं, आणि स्विच एसएनएमपी (स्वतःचे आकडे दुसऱ्याला सांगायची भाषा) बोलत असेल तर लिब्रेएनएमएस किंवा कॅक्टी लावा, प्रत्येक पोर्टचा आलेख आपोआप तयार होत राहतो. ही कल्पना जुनी आहे, टोबियास ओटिकरने १९९५ साली एमआरटीजी लिहिलं तेव्हापासूनची, दर पाच मिनिटांनी राउटरला विचारायचं की आत्तापर्यंत किती बाइट गेले, त्यातून मागचा आकडा वजा करायचा आणि रेघ काढायची. इतकं साधं, पण दोन आठवड्यांचा असा आलेख जवळ असला की अकरा वाजता काय वेगळं होतं हे विचारायला कुणाकडे जावं लागत नाही.

मी एकदा अगदी हाच त्रास शोधत होते, तीन दिवस गेले, सगळ्यांचा संशय व्हिडिओ बघणाऱ्यांवर. आलेख काढला तर डाउनलोड निवांत आणि अपलोड मात्र रोज अकराला छताला टेकलेलं. बॅकअपची वेळ लावताना रात्रीच्या ऐवजी सकाळचे अकरा लागले होते. अपलोड भरलं तर डाउनलोड का रखडतं असं खूप जण विचारतात, तर टीसीपीमध्ये मिळालेल्या डेटाची पोच सतत परत पाठवावी लागते, त्या पोचपावत्या बॅकअपच्या रांगेत अडकल्या की समोरचा सर्व्हर पुढचं पाठवायला थांबतो. म्हणून तुमच्याकडे पण आधी अपलोडची रेघ बघा. मशीन सापडलं की त्यातला कुठला प्रोग्रॅम हे लिनक्सवर नेटहॉग्स सांगतं आणि विंडोजवर रिसोर्स मॉनिटर असतोच.

आणि अजून एक, ऑफिसातल्या लोकांना आधी सांगा की असं मोजमाप चालू आहे. एचटीटीपीएसमुळे पानावरचा मजकूर दिसत नाही पण कोण कुठल्या साइटवर जातं हे डीएनएसवरून (साइटच्या नावावरून तिचा ॲड्रेस विचारायची सेवा) बऱ्याचदा कळतं, ती माहिती कुणी बघायची आणि किती दिवस ठेवायची हे ठरवूनच लावा. गुपचूप लावलेलं मॉनिटरिंग मला अजिबात पटत नाही.

प्रश्न : एनमॅपने माझ्याच सर्व्हरला स्कॅन केलं तर काही पोर्ट ओपन, काही क्लोज्ड आणि काही फिल्टर्ड दाखवतंय. क्लोज्ड आणि फिल्टर्ड एकच ना?

उत्तर : नाही. एनमॅप हे मशीनची कुठली दारं उघडी आहेत ते बघणारं स्कॅनर, आणि इथे पोर्ट म्हणजे वायरीचं भोक नाही, प्रोग्रॅमचं नंबर दिलेलं दार. ते दारावर टकटक करतं, म्हणजे सिन पॅकेट (कनेक्शनची विनंती) पाठवतं. आतून सिन-ॲक (होकार) आलं तर ओपन. आरएसटी (नकार) आलं तर क्लोज्ड, म्हणजे मशीन जागं आहे पण त्या दारामागे कुठला प्रोग्रॅम बसलेला नाही. काहीच उत्तर आलं नाही तर फिल्टर्ड, म्हणजे मधे फायरवॉलने पॅकेट गिळलं असावं. लक्षात ठेवा की काही सांगितलं नाही तर एनमॅप नेहमीची १००० टीसीपी पोर्टच तपासतं, ६५५३५ नाही, त्यामुळे आडबाजूच्या पोर्टवर ठेवलेलं काही राहून जाऊ शकतं. आणि एकच स्कॅन ऑफिसच्या आतून आणि एकदा बाहेरून करून बघा, दोन्ही याद्या शेजारी ठेवा. बाहेरून ४४५ (विंडोजचं फाइल शेअरिंग) किंवा ३३८९ (रिमोट डेस्कटॉप) ओपन दिसलं तर बाकीचं वाचन नंतर करा, आधी ते बंद करा. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस ४४५ वरूनच पसरला होता आणि मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच मार्चमध्येच दिलेला होता.

प्रश्न : फुकट सॉफ्टवेअरवर सिक्युरिटीसाठी विश्वास कसा ठेवायचा? सोर्स कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे हॅकरला पण दिसतो ना? आमचे साहेब म्हणतात पैसे देऊन घेतलेलंच बरं.

उत्तर : साहेबांचा प्रश्न रास्त आहे, त्याला "ओपन सोर्स आहे म्हणजे सुरक्षित" एवढं एका वाक्यात उत्तर देणाऱ्यांवर मी रागावते. कोड उघडा असणं म्हणजे तो कुणीतरी वाचलाय असं होत नाही. ओपनएसएसएल या कूटबद्ध कनेक्शन करून देणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीडची चूक २०१२ साली बाहेर आलेल्या आवृत्तीत होती आणि सापडली २०१४ च्या एप्रिलमध्ये, दोन वर्षं इंटरनेटवरचे कितीतरी सर्व्हर ते वापरत होते.

आता दुसरी बाजू बघा. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या छोट्याशा प्रोजेक्टमध्ये चोरदार सापडलं, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये. ते बसवणाऱ्याने जिया टॅन या नावाने दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास कमावला होता, आणि मग टेस्टच्या फायलींमध्ये लपवून ते आत घातलं. सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवर काम करणारा डेव्हलपर, तो सिक्युरिटीचं काही शोधतच नव्हता, त्याला एवढंच दिसलं की एसएसएच (दूरच्या मशीनमध्ये सुरक्षित शिरायची सोय) लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि सीपीयू जास्त खाल्ला जातोय. अर्धा सेकंद! नेहमी किती लागतो हे त्याला ठाऊक होतं म्हणून खटकलं, आणि कोड उघडा होता म्हणून कुणाची परवानगी न मागता तो मुळापर्यंत गेला. बंद सॉफ्टवेअरमध्ये त्याने तक्रार केली असती आणि उत्तराची वाट बघितली असती.

म्हणून विकत की फुकट यापेक्षा मी तीन गोष्टी बघते, शेवटचं अपडेट कधी आलं, चूक सापडल्यावर किती दिवसात दुरुस्त होते, आणि मागे किती माणसं आहेत. डाउनलोड प्रोजेक्टच्या मूळ साइटवरूनच करायचं आणि दिलेला एसएचए-२५६ चेकसम (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) जुळवायचा, याला दोन मिनिटं लागतात आणि तरी लोक करत नाहीत. फुकट आणि मुक्त यातला फरकही साहेबांना सांगा. नेसस हे मशीनमधल्या सुरक्षेच्या त्रुटी शोधणारं स्कॅनर १९९८ पासून मुक्त होतं, २००५ मध्ये बनवणाऱ्यांनी पुढची आवृत्ती बंद केली, पण जुना मुक्त कोड लोकांच्या हातात होता आणि त्यातून ओपनव्हास हे मुक्त स्कॅनर उभं राहिलं. नुसतं फुकट असतं तर त्या दिवशी संपलं असतं.

प्रश्न : मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, सिक्युरिटीत जायचंय. लॅपटॉपवर काली लिनक्स (सिक्युरिटीची टूल्स आधीच भरलेलं लिनक्स) टाकलंय, पण शेकडो टूल्स बघून गोंधळ उडतो. कुठून सुरू करू? आणि शेजारच्यांच्या वायफायवर प्रॅक्टिस केली तर चालेल का, मी काही बिघडवणार नाही.

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, नाही चालणार. बिघडवलं नाहीस तरी नाही. मालकाने लेखी परवानगी दिलेली नसेल तर ते नेटवर्क तुझ्यासाठी नाही, पुष्कळ देशांत हा सरळ गुन्हा धरला जातो आणि या क्षेत्रात नोकरी देणारा सगळ्यात आधी हेच बघतो की हातात चावी दिली तर हा कुठली दारं उघडेल.

कालीचं म्हणशील तर ज्याला लिनक्सची सवय नाही त्याने ते घेऊ नये असं काली बनवणारेच लिहितात. साधं डेबियन किंवा उबुंटू टाक, सहा महिने तेच रोजचं मशीन म्हणून वापर. आणि टूल एकच घे, वायरशार्क. जेराल्ड कॉम्ब्सने १९९८ मध्ये इथेरियल नावाने ते सुरू केलं, २००६ मध्ये नाव बदललं, आजही शिकायला त्याच्याइतकं चांगलं मला काही माहीत नाही. कॅप्चर चालू कर, ब्राउझरमध्ये एक पान उघड, कॅप्चर थांबव, फिल्टरच्या जागी डीएनएस लिही आणि नुसतं बघ की एका पानासाठी तुझ्या मशीनने किती नावं विचारली. मग त्यातलं एक कनेक्शन पकड, सिन, सिन-ॲक, ॲक हे तिघं शोध. पुस्तकात जी आकृती पाठ केलीस ती तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर वेळेसकट दिसते, त्या दिवशी खरं कळतं. रोज अर्धा तास असं केलंस तर महिन्याभरात नेहमीचं ट्रॅफिक कसं दिसतं ते डोळ्यात बसेल, आणि पुढे सुरिकाटा किंवा झीक ही ट्रॅफिकवर पहारा ठेवणारी टूल्स शिकायला घेशील तेव्हा ती अलर्ट का देतायत हे आपोआप उमगेल.

हल्ल्याचा सराव करायचाच असेल तर व्हर्च्युअलबॉक्स (लॅपटॉपच्या आत दुसरं मशीन चालवणारा प्रोग्रॅम) घे, त्यात मेटास्प्लॉइटेबल २ हे मुद्दाम कमजोर बनवलेलं मशीन चालव, नेटवर्क होस्ट-ओन्लीवर (फक्त तुझ्या लॅपटॉपपुरतं) ठेव म्हणजे ते इंटरनेटला दिसणार नाही. वेबसाठी ज्यूस शॉप ही अशीच मुद्दाम कमजोर बनवलेली वेबसाइट आहे. बाहेरचं काही स्कॅन करून बघायचं असेल तर स्कॅनमी डॉट एनमॅप डॉट ऑर्ग हे एनमॅपवाल्यांनी खास त्यासाठी ठेवलंय, फक्त दिवसातून थोडेच स्कॅन करा अशी त्यांची विनंती आहे, ती पाळ.

प्रश्न : भाड्याने एक छोटा लिनक्स सर्व्हर घेतला, दुसऱ्याच दिवशी लॉगमध्ये हजारो फेल झालेली लॉगिन. कुणीतरी माझ्या मागे लागलंय का?

उत्तर : तुमच्या मागे म्हणून कुणी नाही. पब्लिक आयपी (इंटरनेटवरून दिसणारा ॲड्रेस) मिळाला की बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, पोर्ट २२ वर, म्हणजे एसएसएचच्या दारावर, रूट, ॲडमिन, टेस्ट असली नावं आणि ठरलेले पासवर्ड मारत सुटतात, सगळ्यांवर. २०१६ मधला मिराई हा असाच बॉट साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डच्या जोड्यांवरच लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन बसला होता. त्यामुळे फेल झालेल्यांची यादी वाचत घाबरू नका, यशस्वी झालेली लॉगिन वाचा, ॲक्सेप्टेड शब्दाच्या ओळी शोधा किंवा लास्ट ही कमांड द्या, आणि त्यातलं प्रत्येक लॉगिन तुमचंच आहे का ते बघा. सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने (नेटवरून वेळ जुळवायची सोय) बरोबर ठेवा, नाहीतर त्या वेळा कशाशीच जुळवता येत नाहीत.

फेलटूबॅन लावा, एखादा आयपी सारखा चुकला की ते त्याला फायरवॉलमध्ये अडवतं, बहुतेक ठिकाणी दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की दहा मिनिटं बंदी असं आधीपासून असतं, ती बंदी वाढवली तरी चालेल. पण त्याने आवाज कमी होतो, खरं काम पासवर्ड लॉगिन बंद करून फक्त एसएसएच की (पासवर्डऐवजी तुमच्या मशीनवरची चावीची फाइल) ठेवल्यावर होतं, मग हजार काय लाख अंदाज मारले तरी फरक पडत नाही. सगळ्या सेटिंगचा आढावा घ्यायला लिनिस चालवा, ते काही बदलत नाही, फक्त काय ढिलं आहे ते सांगतं. आणि पासवर्ड लॉगिन बंद करताना सध्याची खिडकी उघडी ठेवा, सेटिंग बदलून दुसऱ्या खिडकीतून की वापरून आत जाता आलं की मगच पहिली बंद करा, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल.