क्रूझवर सगळ्या कुटुंबाला मिळून चांगलं टेबल कसं मिळवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ, तुम्ही दोघं, दोन मुलं आणि सत्तरीतले आई-वडील. दोन खोल्या, त्याही वेगवेगळ्या बुकिंगवर. रोज रात्री मेन डायनिंग रूममध्ये खिडकीजवळच्या एकाच टेबलावर सगळ्यांना बसायचंय, ते कसं जमवायचं?

मी इथं राजारामपुरीत बसून कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीच्या मंडळींची क्रूझची बुकिंगं करतो. टेबल जमतं. पण बहुतेक लोक जहाजावर पाय ठेवल्यानंतर त्याचा विचार करतात आणि तोवर चांगली टेबलं वाटून झालेली असतात.

सगळ्यात आधी जेवणाची वेळ ठरवा, कारण टेबल वेळेवर अवलंबून असतं. मोठ्या जहाजांवर साधारण दोन पद्धती आहेत. पहिलीत वेळ बांधलेली असते, एक पंगत संध्याकाळी सहाच्या आसपास आणि दुसरी आठच्या आसपास. रोज तेच टेबल, तेच वेटर. दुसरीत आपल्या सवडीनं जायचं आणि जे टेबल मोकळं असेल तिथं बसायचं. क्रूझ कंपन्यांपैकी रॉयल कॅरिबियन तिला माय टाइम डायनिंग म्हणते, कार्निव्हल युवर टाइम. नॉर्वेजियनकडं तर बांधलेली वेळच नसते. तुम्हाला रोज एकच टेबल पाहिजे, तर तुमच्या कंपनीकडं बांधलेली वेळ आहे का हे आजच विचारा. नसेल, तर कंपनीच्या ॲपमधून चारही रात्री एकाच वेळेचं आरक्षण करा आणि पहिल्या दिवशी सांगून ठेवा की आम्हाला त्याच वेटरच्या भागात बसवा.

आता खिडकीचं. आपल्याकडची माणसं सहाची वेळ ऐकून हसतात. ही चहाची वेळ, जेवायचं कधी? म्हणून सगळे आठची पंगत घेतात आणि वर खिडकी मागतात. सिंगापूर विषुववृत्ताला लागून आहे, तिथं वर्षभर सूर्य सातच्या आसपास मावळतो. आठला बसलात तर काचेत बाहेरचा अंधार आणि स्वतःचीच तोंडं दिसणार. खिडकीचा खरा आनंद सहाच्या पंगतीला आहे: सूप येईपर्यंत उजेड असतो आणि गोड येईपर्यंत समुद्र लाल होऊन गेलेला असतो. मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी सहाचीच पंगत सुचवतो. रात्री परत भूक लागली तर खायला काही ना काही जहाजावर मिळतंच. आठच पाहिजे असेल, तर खिडकीचा हट्ट सोडा आणि त्या बदल्यात दुसरं काही मागा.

काय मागायचं? सहा माणसांना खिडकीची टेबलं मुळात थोडी असतात. काचेला लागून बहुतेक दोघांची, चौघांची टेबलं मांडलेली असतात आणि मोठी गोल टेबलं हॉलच्या मध्यभागी. तुमच्या आई-वडिलांच्या दृष्टीनं मी तीन गोष्टी बघेन. टेबल दारापासून फार आत नको. स्वयंपाकघराच्या दारासमोर नको, तिथं ताटं नेणाऱ्यांची सतत ये-जा आणि खणखणाट असतो. आणि वडिलांना बोट लागत असेल तर जहाजाच्या मागच्या टोकाचं टेबल नको. मागची रुंद खिडकी सुंदर दिसते, पण जहाज हेलकावतं तेव्हा टोकं जास्त वरखाली होतात आणि तिथं जहाज ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यांची थरथरही जाणवते. मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर सगळ्यात स्थिर. खोली निवडतानाही हे लक्षात घ्या. सिंगापूरहून सुटणारी रॉयल कॅरिबियनची क्वांटम वर्गातली जहाजं जवळजवळ ३५० मीटर लांब आहेत. खोली पुढच्या टोकाला आणि डायनिंग रूम मागं असली, तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती चाल रोज करावी लागते.

दोन बुकिंगं आहेत, तेव्हा ती जोडून घ्यायला एजंटला सांगा. दोन्ही बुकिंग नंबर एकमेकांवर नोंदवले आणि दोन्हीकडं पंगत एकच असली, तरच संगणक तुम्हाला एका टेबलावर बसवतो. त्याच वेळी ‘सहा जणांचं स्वतंत्र टेबल, अनोळखी लोकांबरोबर नको’ हेही लिहून घ्या. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर तेही तेव्हाच नोंदवा.

ठरलेल्या वेळेचा खरा फायदा मला जेवणातच दिसतो. लग्नाच्या पंगतीत वाढपी ओळखीचा असला की न मागता आमटी येते, तसंच इथं होतं. आईला कांदा-लसूण चालत नाही, बाबांना तिखट लागतं, हे एकदा सांगितलं की दुसऱ्या रात्रीपासून सांगावं लागत नाही. उद्या काय हवं ते आदल्या रात्रीच हेड वेटरला सांगा. मेनूकार्डावर नसलेली डाळ, भाजी, पोळीही अनेक जहाजांवर अशी आधी सांगून मिळते.

जहाजावर चढल्यावर कार्डावर किंवा ॲपमध्ये टेबलाचा नंबर बघा आणि दुपारीच डायनिंग रूममध्ये जाऊन ते टेबल डोळ्यांनी बघून या. पसंत नसेल तर तिथल्या प्रमुखाला, म्हणजे मेत्र डीला भेटा. पहिल्या दुपारी तो याच कामासाठी ठरावीक ठिकाणी बसलेला असतो, जागा आणि वेळ त्या दिवसाच्या पत्रकात किंवा ॲपमध्ये सापडते. ‘चांगलं टेबल द्या’ असं मोघम बोलू नका. ‘आई-वडील सत्तरीचे आहेत, दाराजवळचं सहा जणांचं टेबल मिळेल का?’ असं कारणासकट विचारा. आईंना बरोबर घेऊन गेलात तर उत्तमच.

यासाठी आधी पैसे चारू नका. बहुतेक कंपन्या माणशी रोजची टिप बिलात धरतातच. कोणी मनापासून केलं असं वाटलं तर शेवटच्या रात्री पाकीट हातात द्या.

पहिल्या दुपारी नाही म्हणाला, तरी नाव नोंदवून या. पहिल्या रात्री बरेच लोक बुफेत जेवतात, काही जण पुढंही डायनिंग रूमकडं फिरकत नाहीत, आणि कोणती टेबलं रिकामी राहतात हे त्याला तेव्हा कळतं. तुमच्या चारच रात्री आहेत, म्हणून पहिलं जेवण झाल्या झाल्या त्याला पुन्हा गाठा.