लेसिकसाठी सर्जन निवडताना मशीनआधी काय बघायचं

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी 21 वर्षांची आहे, चष्म्याचा नंबर मायनस 6.5 आणि मायनस 6, तो घालवायच्या लेसिक या लेसर ऑपरेशनसाठी नाशिकमध्ये दोन ठिकाणी चौकशी झाली आहे. एका ठिकाणी नवं मशीन आहे आणि रविवारच्या आत बुकिंग केलं तर सूट आहे, पण सर्जन भेटणार थेट ऑपरेशनच्या दिवशी. आणि यातला चांगला सर्जन ओळखायचा कसा, हा तुमचा प्रश्न.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे आणि चष्म्याचा नंबर तपासणारी. लेसिकच्या आधीचे स्कॅन काढणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे कोणता डॉक्टर पेशंटला कसा हो म्हणतो आणि कसा परत पाठवतो, हे जवळून बघते. माझं मत सांगते. जो सर्जन मुलीचे रिपोर्ट स्वतः वाचतो, तिला स्वतः तपासतो आणि वेळ आली तर 'हिला लेसर नको' असं तोंडावर सांगतो, त्याच्याकडे जा. मशीन कोणतं, हा प्रश्न त्यानंतरचा. जिथे सर्जन आधी भेटतच नाही, ते ठिकाण माझ्या दृष्टीने इथेच बाद.

डिग्रीचं थोडक्यात. एमबीबीएसनंतर नेत्रविकारात एमएस किंवा डीएनबी हवं. डीओएमएस हा डिप्लोमासुद्धा रीतसर आहे. पण ही झाली डोळ्यांच्या डॉक्टरची पात्रता. लेसिकसाठी त्यापुढे कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) आणि रिफ्रॅक्टिव्ह सर्जरी (नंबर घालवायचं ऑपरेशन) यांची फेलोशिप, म्हणजे पुढचं खास प्रशिक्षण, केलेली असेल तर उत्तम. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय अशा संस्थांमधून या फेलोशिप होतात. मशीन चालवायचं कंपनीचं ट्रेनिंग वेगळं आणि फेलोशिप वेगळी, भिंतीवरचं सर्टिफिकेट नीट वाचा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक केसपेपरवर छापलेला असतो, तो कौन्सिलच्या वेबसाइटवर टाकून बघा. विचारायला लाजू नका, चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

आता तपासणीबद्दल, कारण सर्जनची खरी पारख इथेच होते. लेसरने नंबर जातो तो कॉर्निया घासून पातळ करून. तो साधारण 540 मायक्रॉन जाड असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लेसिकमध्ये वरचा फ्लॅप, म्हणजे कापून उचलायची पातळ झडप, अंदाजे 110 मायक्रॉनचा, आणि त्याखाली दर एका नंबरमागे ढोबळमानाने 14 मायक्रॉन जातात. म्हणजे मायनस 6.5 ला सुमारे 91. कॉर्निया 540 असेल तर खाली 339 उरतात, हे ठीक. तोच 490 असेल तर 289. निदान 250 उरले पाहिजेत असा जुना दंडक आहे, पण जपून काम करणारे बरेच सर्जन 300 च्या खाली जायला राजी नसतात. सिलिंड्रिकल नंबर (कॉर्नियाच्या असमान वक्रतेमुळे येणारा) असेल तर हा हिशेब आणखी ताणला जातो. सर्जनला सरळ विचारा, 'ऑपरेशननंतर हिचा कॉर्निया किती उरेल?' त्याने आकडा सांगितला पाहिजे. 'काळजी करू नका, आमचं मशीन लेटेस्ट आहे' हे या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

जाडी पुरेशी असली तरी आकार बिघडलेला असू शकतो. केरॅटोकोनसमध्ये कॉर्निया हळूहळू पुढे टोकदार होतो. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, फक्त टोपोग्राफीच्या स्कॅनमध्ये, म्हणजे कॉर्नियाच्या वक्रतेच्या रंगीत नकाशात, खालच्या भागात वक्रता जास्त दिसते. अशा डोळ्यावर लेसर मारला तर कॉर्निया कमकुवत होऊन फुगत जातो आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. म्हणून तो रंगीत नकाशा सर्जनने तुमच्यासमोर उघडून दाखवावा. मुलीला डोळे चोळायची सवय आहे का, घरात कुणाला केरॅटोकोनस आहे का, हे त्याने विचारलं नाही तर तुम्ही सांगा. नंबर निदान वर्षभर स्थिर हवा, त्यासाठी चष्म्याची जुनी प्रिस्क्रिप्शन्स बरोबर न्या. डोळ्यांचा कोरडेपणाही मोजून घ्यायचा. आणि थेंब टाकून डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) तपासायलाच हवा, कारण मोठ्या मायनस नंबरवाल्यांच्या पडद्याला पातळ जागा किंवा छिद्रं असू शकतात, आणि लेसिक झालं म्हणून तो धोका जात नाही.

एकच पद्धत सगळ्यांना सुचवणाऱ्या सेंटरबद्दल मला नेहमी शंका येते. कॉर्निया पातळ असेल तर कुणाला फ्लॅप न करता वरूनच लेसर मारायची पीआरके पद्धत बरी पडते (पहिले काही दिवस दुखतं, नजर स्थिरावायला वेळ लागतो), कुणाला डोळ्यात बसवायची आयसीएल लेन्स. हे सगळे पर्याय हाताळणारा सर्जन तुमच्या मुलीच्या डोळ्याप्रमाणे सुचवेल.

नाशिकसारख्या ठिकाणी सर्जन बाहेरून ठरावीक दिवशी येतात. त्यात वावगं काही नाही, पण दुसऱ्या दिवशी डोळा कोण बघणार ते आधी पक्कं करा. फ्लॅप सरकणं, फ्लॅपखाली सूज येणं या गोष्टी पहिल्या काही दिवसांतच होतात आणि लगेच पकडल्या तर आटोक्यात येतात. तेव्हा फोनवर काऊन्सेलर असून उपयोग नाही, डॉक्टर लागतो. नंबर थोडा राहिला तर पुन्हा लेसर करायचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का, हेही लेखी घ्या.

सवलतीच्या मागे लागू नका. हे तातडीचं ऑपरेशन नाही, महिनाभर थांबल्याने काही बिघडत नाही. दोन सर्जनची मतं घ्या, आणि दुसरीकडे स्कॅन नव्याने काढायला सांगितला तर कुरकुर न करता काढा. मुलगी सॉफ्ट काँटॅक्ट लेन्स वापरत असेल तर स्कॅनच्या आधी एक-दोन आठवडे बंद ठेवायला सांगा, नाहीतर कॉर्नियाचं माप चुकीचं येतं. ऑपरेशन झालंच तर आधीचे सगळे रिपोर्ट घरच्या फाइलमध्ये कायमचे ठेवा. पुढे कधी मोतीबिंदूचं ऑपरेशन करायची वेळ आली, तर आतल्या लेन्सचा नंबर काढताना तिच्या डॉक्टरला हे जुने आकडे लागतील.