श्रद्धेशी तडजोड केल्याचे परिणाम नेत्याच्या बाबतीत वेगळे असतात का?

आपला प्रश्न असा आहे की, मनापासून मानलेल्या श्रद्धेशी माणसाने तडजोड केली तर त्याचे काय होते, आणि तो माणूस नेता असेल तर परिणाम अधिक गंभीर असतात का. माझे उत्तर ‘होय’ असे आहे, मात्र त्याचे कारण नेत्याचे पाप मोठे ठरते हे नव्हे. सामान्य माणसाच्या तडजोडीचा भार बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्याच मनावर राहतो. नेत्याच्या तडजोडीचा भार मात्र त्याच्या शब्दावर विसंबून आधीच घरादाराशी वैर घेतलेल्या माणसांवर पडतो, आणि ही गोष्ट नेत्याच्या सहसा उशिरा लक्षात येते.

मला यासाठी पुण्यातील पंचहौद मिशनचे चहा प्रकरण नेहमी आठवते. १८९० साली गोपाळराव जोशी (डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पती) यांच्या खटपटीने पुण्यातील बरीच प्रतिष्ठित मंडळी ख्रिस्ती मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने जमली. तेथे चहा पुढे आला. कोणी तो घेतला, कोणी भिडेखातर पेला नुसता हातात धरला. पुढे ‘पुणे वैभव’ पत्रात हजर असलेल्यांची नावे छापून आली आणि एका पेल्याचे धर्मसंकट झाले. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी झाली, ग्रामण्य (म्हणजे जातीतून बहिष्कृत करण्याचा वाद) उभे राहिले. आज हे हास्यास्पद वाटते. परंतु ज्याच्या घरी श्राद्धाला ब्राह्मण मिळत नव्हता किंवा ज्याच्या मुलीचे लग्न अडले होते, त्याला त्यात हसण्यासारखे काही दिसत नव्हते.

या यादीत टिळक होते आणि न्यायमूर्ती रानडेही होते. दोघांनीही प्रायश्चित्त घेतले, पण त्या एकाच कृतीचा अर्थ दोघांच्या बाबतीत सारखा नव्हता. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले आणि शास्त्राच्याच आधारे वाद घातला. शास्त्राचे प्रामाण्य त्यांनी नाकारलेलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्या श्रद्धेला त्यात फारसा धक्का बसत नव्हता. रानडे हे प्रार्थना समाजाचे. एकच निराकार ईश्वर, अंतःकरणाची शुद्धी आणि जातिभेदाची निरर्थकता हे ज्यांनी वर्षानुवर्षे उपासनेच्या व्यासपीठावरून सांगितले, त्यांनी १८९२ साली ख्रिस्ती माणसाच्या हातच्या चहाबद्दल विधिपूर्वक शुद्ध होणे म्हणजे विटाळ खरा असल्याची कबुली देण्यासारखेच होते. त्यांनी हे स्वतःच्या सोयीसाठी केले नाही. बहिष्काराने गांजलेल्या मित्रांची सुटका व्हावी म्हणून केले. हेतू निखालस चांगला होता. तरीही त्यांच्या पत्नी रमाबाईंनासुद्धा ते रुचले नव्हते आणि आपल्या आठवणींत त्यांनी ते लपवलेले नाही.

रानड्यांच्या आयुष्यातील ही पहिली माघार नव्हती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी पहिली पत्नी वारल्यावर, १८७३ साली, वडिलांच्या आग्रहापुढे नमते घेऊन अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. ज्या मुलीचे हात त्यांनी पुढे पुस्तकाला लावले, तिच्यामुळे त्या विवाहातून काही चांगले निष्पन्न झाले हे खरे. परंतु त्या वेळी एखाद्या विधवेशी लग्न करायला निघालेल्या तरुणाला घरच्यांनी काय ऐकवले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. विरोधकांच्या हाती इतके सोपे उत्तर दुसरे कोणते द्यायचे? शिवाय अशा माघारीने विरोध मावळतो असेही नाही. १८९५ साली पुण्यात काँग्रेस भरली तेव्हा रानड्यांच्या समाजसुधारणेसाठीच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसच्या मंडपात जागा मिळू शकली नाही.

बंगालमध्ये याहून उघड परिणाम झाला. ब्राह्म समाज या सुधारक धर्मपंथाचे नेते केशवचंद्र सेन यांच्या चळवळीमुळे १८७२ चा विवाहाचा कायदा झाला आणि त्यात मुलीचे किमान वय चौदा ठरले. १८७८ मध्ये त्यांनी चौदा वर्षे पूर्ण न झालेल्या आपल्या मुलीचे, सुनीतीचे, लग्न कूचबिहारच्या अल्पवयीन महाराजांशी लावले, आणि तेही ब्राह्म समाजाला मान्य नसलेल्या विधींना वाव देऊन. हा ईश्वरी आदेश आहे, असे त्यांचे समर्थन होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात शिवनाथ शास्त्री, आनंदमोहन बोस आदी मंडळींनी बाहेर पडून साधारण ब्राह्म समाज स्थापन केला. माझ्या मते त्या लग्नापेक्षा ‘आदेश’ या शब्दाने अधिक नुकसान केले. चुकलो असे म्हणणाऱ्या नेत्याशी अनुयायी भांडू शकतो. देवानेच सांगितले असे म्हणणाऱ्यापुढे त्याला दरवाजाच शोधावा लागतो.

रानड्यांच्या भोवती अशी फूट पडली नाही. प्रार्थना समाजाने जातित्यागाची किंवा मूर्तिपूजा सोडण्याची सक्ती सदस्यांवर कधीच केली नव्हती, म्हणून मोडण्यासारखी शपथही नव्हती. ही लवचीकता त्याचे बळ होती, असे मला पूर्वी वाटे. आता वाटते की तिच्यामुळे समाज फुटला नाही, पण पसरलाही नाही.

उलट बाजूही सांगतो, कारण तत्त्वाला चिकटून राहणे फुकट मिळते असा समज नको. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या संस्थेत शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्याची झळ त्यांच्या घरच्यांनाही लागली. म्हणजे नेता ठाम राहिला तरी त्याच्या जवळच्यांना किंमत पडतेच. फरक एवढाच की, तीन वर्षांनी कर्व्यांनी विधवांसाठी संस्था काढली तेव्हा तिच्या दारात आलेल्या स्त्रीला संस्थापकाच्या सचोटीबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते.

माझा या विषयातला रस केवळ पुस्तकी नाही. मी अनेक वर्षे कर्मकांडाविरुद्ध व्याख्याने देत असे, आणि वडील गेले तेव्हा आईच्या समाधानासाठी दहावे, तेरावे सर्व यथासांग केले. मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही. परंतु माझे ऐकून आपल्या वडिलांचे श्राद्ध नाकारलेला आणि त्यावरून सख्ख्या काकांशी बोलणे तुटलेला एक तरुण तेराव्याला जेवायला आला होता. पानावर बसला, जेवला, निघताना नमस्कार केला. एका शब्दानेही त्याने काही विचारले नाही, आणि त्यानंतर माझ्या एकाही व्याख्यानाला तो आला नाही.