पहिल्यांदा जॅम करणारीला

अगं, पहिल्याच खेपेला पाच किलोचा घाट घालू नकोस. जानेवारी-फेब्रुवारीत मंडईत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते, तेव्हा एक किलो घे. त्यात थोडी करकरीत, अर्धवट पिकलेलीही असू दे. या फळात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातलाच पदार्थ, मुळातच कमी, फार पिकलं की आणखी कमी. पाऊण किलो साखर, दोन लिंबांचा रस. साखरेत कंजूषी नको, ती नुसती गोडीला नसते, टिकवायलाही लागते.

थर्मामीटर असेल तर एक लक्षात ठेव. जॅम तयार झाल्याची खूण म्हणून पाककृतींत देतात ते १०५ अंश समुद्रसपाटीचे. पुणं साधारण ५६० मीटरवर, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, म्हणून १०२-१०३ ला गॅस बंद. माझा पहिला जॅम १०५ च्या नादात चिक्की झाला होता! आता फ्रीझरमधल्या गार बशीवर थेंब टाकते. बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली की झालं.

बाटल्या उकळून घे, जॅम गरमच भर, वर पाव इंच मोकळं सोड. झाकण लावून उकळत्या पाण्यात बुडवून १० मिनिटं. मग ओट्यावर ठेव. गार होताना झाकणं एकेक करून ‘टक्’ वाजून घट्ट बसतात. ते ऐकायला मी अजूनही स्वयंपाकघरात रेंगाळते, चहा निवून जातो. जिचं झाकण बसलं नाही, ती बाटली फ्रिजमध्ये ठेव आणि आधी संपव.